जमाखर्चापलीकडचे उत्तर : अधिक उत्पादनाचे वाण आणि कृषिधोरण

स्पर्धा परीक्षांच्या लेखी टप्प्यात शेतीवर जे प्रश्न विचारले जातात त्यांत हरितक्रांतीचा प्रश्न सर्वांत परिचित आहे, आणि बहुधा त्यामुळेच त्याचे उत्तर सर्वांत निष्काळजीपणे लिहिले जाते. या उत्तराचा साचा ठरलेला असतो. प्रारंभी एक व्याख्या येते, मग अन्नधान्य वाढले, आयात थांबली, शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढले असे चारपाच फायदे येतात, त्यानंतर भूजल खालावले, जमिनी खारावल्या, प्रादेशिक विषमता वाढली असे तितकेच तोटे येतात आणि अखेरीस शाश्वत शेतीची गरज सांगणारे एक सदिच्छावाक्य येते. या उत्तरातील जवळजवळ प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे असते. दोष एवढाच की कोणतेही विधान दुसऱ्याला बांधलेले नसते, आणि त्यांचा क्रम उलटापालटा केला तरी उत्तरात काही फरक पडत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे हा दोष आता मराठीतून लिहिणाऱ्या हजारो उमेदवारांच्या उत्तरपत्रिकांपर्यंत येऊन पोहोचला आहे. चार पर्यायांतून एक निवडताना आयआर-८ हे भाताचे वाण १९६६ साली प्रसारित झाले एवढे आठवणे पुरेसे होते. ते वाण आल्यावर रासायनिक खताची मागणी का वाढली, हे सांगायची वेळ आली की पाठांतर अपुरे पडते. विश्लेषण म्हणजे फायद्यातोट्यांचा ताळेबंद मांडणे नसून ते फायदे आणि ते तोटे एकाच मुळातून कसे फुटले हे दाखवणे होय, आणि या विषयात ते मूळ धोरणाच्या कागदपत्रांइतकेच पिकाच्या शरीररचनेत आहे.

पहिली अडचण शब्दांची आहे. मराठी बोलण्यात ‘हायब्रीड’ हा शब्द इतका सैल झाला आहे की जे जे नवे, बाजारातून आणलेले आणि चवीला उणे, ते ते हायब्रीड ठरते. टोमॅटोपासून माणसाच्या पिढीपर्यंत त्याचा संचार आहे. परीक्षेतील उत्तरात मात्र हा सैलपणा महाग पडतो, कारण सरळ वाण, संकरित वाण आणि जनुकीय बदल केलेले वाण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींमागचे अर्थकारण वेगळे आहे. गहू आणि भात ही प्रामुख्याने स्वपरागित पिके असल्यामुळे त्यांच्या सरळ वाणाचे बी शेतकऱ्याला आपल्याच पिकातून राखता येते, काही वर्षे पेरता येते आणि शेजाऱ्याला देताही येते. संकरित वाण दोन वेगळ्या वंशांच्या संयोगातून पहिल्या पिढीपुरता जोम मिळवतो. त्याचे बी पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही आणि उत्पादन घटते, म्हणून दर हंगामाला नवे बी विकत घ्यावे लागते. मेक्सिकोतून आलेला गहू संकरित नव्हता, तर १९६४ साली आलेली सीएसएच-१ ही ज्वारी आणि त्यापाठोपाठची एचबी-१ ही बाजरी संकरित होती. गव्हाचे नवे बी पंजाबात एका शेतातून दुसऱ्या शेतात ज्या वेगाने पसरले, त्या वेगात या जैविक गुणाचा मोठा वाटा होता, आणि खाजगी बियाणे कंपन्यांचे बस्तान गव्हात न बसता ज्वारी, बाजरी, मका, कापूस या पिकांत का बसले याचेही उत्तर इथेच मिळते.

दुसरा प्रश्न असा की या वाणांचे उत्पादन अधिक का येते. उंच देशी गव्हाला नत्र, म्हणजे पानाफुटव्यांची वाढ करणारे अन्नद्रव्य, भरपूर दिले की ताट वाढते, ओंबी जड होते आणि वाऱ्यापावसात पीक लोळते. लोळलेल्या पिकाचे दाणे भरत नाहीत आणि काढणीही अवघड होते. म्हणजे खत घालण्याला झाडाच्या उंचीनेच मर्यादा घातलेली होती. जपानमधील नोरिन-१० या गव्हातील खुजेपणाची जनुके अमेरिकेत ऑरव्हिल व्होगेल यांनी आणि मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी आपल्या वाणांत आणली, तेव्हा ही मर्यादा दूर झाली: ताट आखूड राहिले, झाडाने तयार केलेल्या अन्नाचा अधिक हिस्सा दाण्यात गेला आणि जास्त खत पेलण्याची ताकद आली. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तैवानमधील खुजे वाण आणि इंडोनेशियातील पेटा हे उंच वाण यांच्या संकरातून निवडून काढलेल्या आयआर-८ मध्येही हेच तत्त्व होते. म्हणून काही अभ्यासक या वाणांना ‘अधिक उत्पादन देणारे’ म्हणण्याऐवजी ‘अधिक प्रतिसाद देणारे’ म्हणणे पसंत करतात, आणि विश्लेषणाच्या दृष्टीने हा शब्द कितीतरी उपयोगाचा आहे. प्रतिसाद म्हटले की तो कशाला, हा प्रश्न ओघाने येतोच. आणि उत्तर असते खताला, तेही वेळेवर पाणी मिळाले तरच.

एवढे स्पष्ट झाले की उत्तराचा उरलेला भाग जवळजवळ आपोआप उलगडतो. खताला पाणी हवे, म्हणून हे वाण आधी कालव्यांच्या आणि कूपनलिकांच्या प्रदेशात गेले. खत, बी आणि पंप यांना पेरणीपूर्वी रोख पैसा हवा, म्हणून कर्जाची व्यवस्था निर्णायक ठरली. एवढा खर्च करून आलेले पीक सुगीत भाव कोसळून मातीमोल होणार नाही अशी खात्री हवी, म्हणून हमीभाव आणि सरकारी खरेदी आवश्यक ठरली. प्रादेशिक विषमता हा हरितक्रांतीला मागाहून जडलेला विकार नसून बियाण्याच्या अटीतच ती अंतर्भूत होती, असे एक वाक्य लिहिणारा उमेदवार दहा तोट्यांची यादी देणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला असतो. लहान शेतकऱ्याच्या प्रश्नालाही हीच कसोटी लावता येते. हे तंत्र क्षेत्रनिरपेक्ष होते, म्हणजे एका एकरावरही दर एकरी तितकेच उत्पादन देऊ शकत होते; साधननिरपेक्ष मात्र नव्हते. फ्रान्सिन फ्रँकेल यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आर्थिक लाभांबरोबर राजकीय किमतीचा जो प्रश्न उपस्थित केला तो या भेदातूनच उद्भवतो. पुढे सिंचित भागांतील लहान शेतकऱ्यांनीही हे वाण मोठ्या प्रमाणावर स्वीकारले, हे लक्षात घेता ‘फायदा फक्त बड्यांचा झाला’ हे विधान टिकत नाही. पाण्याची रेषा जमिनीच्या धारणेपेक्षा अधिक ठळक ठरली, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

धोरणाच्या कालक्रमाबाबतही उत्तरांत एक ठाशीव चूक दिसते. आधी बियाणे आले, उत्पादन वाढले आणि मग ते खरेदी करण्यासाठी सरकारने यंत्रणा उभारली, अशी कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात निवडक, पाण्याची हमी असलेल्या जिल्ह्यांत साधने एकवटण्याचा सघन कृषी जिल्हा कार्यक्रम १९६०-६१ मध्ये सुरू झाला, राष्ट्रीय बियाणे निगम १९६३ मध्ये स्थापन झाले, भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग हे दोन्ही जानेवारी १९६५ मध्ये आकाराला आले, आणि सुमारे १८,००० टन मेक्सिकन गव्हाचे बी १९६६ मध्ये आले. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी आखलेल्या धोरणाचा गाभा भाव, संशोधन आणि साधने यांची सांगड घालण्याचा होता, आणि एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी ज्या वाणांच्या चाचण्या घेत होते त्यांना उतरण्यासाठी जागा आधीच तयार होत होती. सलग दोन दुष्काळ, १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्याची आयात आणि अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली मिळणाऱ्या गव्हावर ओढवलेले राजकीय दडपण यांनी या धोरणाला निकड दिली, पण त्याची चौकट दुष्काळाआधीची होती. बियाण्याने धोरण घडवले की धोरणाने बियाण्याला वाट करून दिली, हा वाद परीक्षेच्या उत्तरात मिटवण्याची गरज नसते. तो वाद आहे हे ओळखणे आणि तारखांच्या आधारे एका बाजूला झुकणे पुरेसे असते.

आकडे वापरण्याची कला याहून नाजूक आहे. देशाचे अन्नधान्य उत्पादन १९६५-६६ मध्ये ७ कोटी २३ लाख टन होते आणि १९७०-७१ मध्ये १० कोटी ८४ लाख टन झाले, म्हणजे पाच वर्षांत सुमारे ५० टक्के वाढ. हा आकडा अनेक उत्तरांत विजयपताकेसारखा फडकतो. परंतु १९६५-६६ हे भीषण अवर्षणाचे वर्ष होते. त्याच्या आदल्या, चांगल्या पावसाच्या १९६४-६५ या वर्षीचे ८ कोटी ९४ लाख टन आधार म्हणून घेतले तर वाढ २१ टक्क्यांवर येते. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि पहिल्यात बियाण्याबरोबर पाऊसही मोजला गेला आहे. पिकांनुसार पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. त्याच चांगल्या वर्षापासून मोजले तरी गहू १ कोटी २३ लाख टनांवरून २ कोटी ३८ लाख टनांवर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. गहू वगळता उरलेल्या सर्व अन्नधान्याची वाढ मात्र दहा टक्क्यांच्या आतच राहिली. या काळातील एकूण वाढीचा सुमारे ६० टक्के भाग एकट्या गव्हाचा आहे. ‘हरितक्रांती’ हा शब्द अमेरिकी मदतसंस्थेचे प्रमुख विल्यम गॉड यांनी १९६८ साली वापरला, पण भारतीय टपाल खात्याने त्याच वर्षी काढलेल्या तिकिटावर गव्हातील क्रांतीचा उल्लेख होता, आणि पहिल्या टप्प्यापुरते बोलायचे तर तिकीट काढणारे अधिक काटेकोर होते.

दर हेक्टरी उत्पादनही हेच सांगते. १९६०-६१ ते १९७०-७१ या दशकात गहू ८५१ किलोंवरून १,३०७ किलोंवर गेला, भात १,०१३ वरून केवळ १,१२३ वर सरकला, ज्वारी ५३३ वरून ४६६ पर्यंत उतरली आणि कडधान्ये ५३९ वरून ५२४ वर आली. गहू हे कोरड्या, स्वच्छ उन्हाच्या रब्बी हंगामातील सिंचित पीक होते, तर भात पूर्वेकडे पावसाळ्यात, पाणी साचणाऱ्या खाचरांत पिकत होता, जिथे आखूड ताटाचे रोप पाण्याखाली जाण्याचा धोका होता आणि ढगाळ हवेत कीडरोगही फोफावत होते. कडधान्यांना तर असे वाणच मिळाले नाहीत. उलट गव्हाचा नफा वाढल्यावर हरभऱ्यासारखी पिके ओलिताच्या जमिनीवरून कोरडवाहूकडे ढकलली गेली. दरडोई दररोज उपलब्ध होणारी डाळ १९६१ मधील ६९ ग्रॅमवरून २००१ पर्यंत सुमारे ३० ग्रॅमवर आली. पोटभर धान्य आणि पुरेसे पोषण या दोहोंतील अंतर दाखवायला याहून बोलका आकडा सापडणे कठीण; ‘अन्नसुरक्षा साध्य झाली’ असे लिहिण्याआधी तो आठवला पाहिजे.

महाराष्ट्राचा अनुभव या चर्चेत केवळ स्थानिक रंग भरण्यासाठी आणू नये. तो मूळ कल्पनेची परीक्षा घेतो. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत संकरित ज्वारीचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला, आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. तरीही ज्वारीने गव्हाची वाट धरली नाही. संकरित खरीप ज्वारी लवकर पक्व होत असल्यामुळे तिचे कणीस परतीच्या पावसात सापडे, दाण्याला बुरशी लागून तो काळा पडे आणि त्याला भाव मिळत नसे. बाजरीच्या संकरित वाणांवर गोसावी, म्हणजेच केवडा, या रोगाने सत्तरच्या दशकात मोठा घाला घातला. त्याहून मूलभूत गोष्ट अशी की कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी ज्वारीचे उत्पादन म्हणजे फक्त दाणा नव्हते. उंच ताटाचा कडबा ही बैलांची आणि दुभत्या जनावरांची वर्षाची वैरण होती, आणि टंचाईच्या वर्षी त्याची किंमत दाण्याच्या बरोबरीने मोजली जाई. खुजेपणा, जो गव्हात गुण ठरला, तोच ज्वारीत अर्धे उत्पन्न कापणारा दोष ठरला. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही उंच, उत्तम भाकरीची आणि गोड कडब्याची रब्बी ज्वारी, जिला शाळू म्हणूनच ओळखतात, अनेक सुधारित वाण येऊनही दशकानुदशके शेतात टिकून राहिली ती याच कारणाने. शेतकरी नवे तंत्र नाकारतो तेव्हा त्याच्या मागासलेपणाकडे बोट दाखवणारे उत्तर हा हिशेबच पाहत नाही. पुढे खरीप ज्वारीचे क्षेत्र घटून तिथे सोयाबीन आणि कापूस आला, त्यात रेशनवरील स्वस्त गहू-तांदळाचाही वाटा होता. उत्तरेत खरेदी केलेल्या धान्याने दख्खनच्या ताटातील भाकरी मागे सारली, हा धोरणाचा असा परिणाम आहे की तो कोणत्याही योजनेच्या उद्दिष्टांत सापडणार नाही.

किंमत धोरणावर लिहिताना ‘हमीभाव’ हा शब्द एकाच अर्थाने वापरणे ही दुसरी ठेच. घोषित किमान आधारभूत किंमत वीसहून अधिक पिकांना असते, परंतु प्रत्यक्ष खरेदीचा भरवसा मुख्यतः गहू आणि भाताला, तोही काही राज्यांत, लाभला आहे. शांता कुमार समितीने २०१५ मध्ये दाखवून दिले की सरकारी संस्थांना या भावाने माल विकू शकणारे शेतकरी अवघे ६ टक्के आहेत. शिवाय खर्चाच्या दीडपट भाव म्हणताना खर्च कोणता, हेही सांगावे लागते. शेतकऱ्याने हातातून केलेला खर्च आणि कुटुंबाच्या श्रमाचे मोल एवढेच धरले तर एक आकडा येतो. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज मिळवले की दुसरा, बराच मोठा आकडा येतो. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या शिफारशीचा आग्रह धरणारे दुसऱ्या आकड्याबद्दल बोलत असतात, तर २०१८-१९ च्या अर्थसंकल्पानंतर सरकार पहिल्या आकड्याच्या आधारे दीडपट भाव दिल्याचे सांगते. दोन्ही पक्ष एकच वाक्य उच्चारतात आणि वेगळे बोलतात.

एका धोरणातून दुसरी समस्या कशी जन्मते याचे सर्वांत बोधक उदाहरण पंजाब पुरवतो. भात हे त्या प्रदेशाचे पारंपरिक मुख्य पीक नव्हते. १९६०-६१ मध्ये ते सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास होते आणि आज सुमारे तीस लाख हेक्टरांवर आहे. हमखास खरेदी आणि शेतीपंपांना मोफत वा नाममात्र दराने मिळणारी वीज यांनी ही वाढ घडवली, आणि भूजलाचा उपसा वार्षिक पुनर्भरणाच्या दीडपटीहून पुढे गेला. पाणी वाचवण्यासाठी राज्याने २००९ मध्ये कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली, म्हणजे कडक उन्हाच्या दिवसांतील बाष्पीभवन टळेल. उपाय तर्कशुद्ध होता, पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी दोनतीन आठवडेच उरले, यंत्राने कापलेल्या भाताचे खुंट काढायला वेळ आणि पैसा दोन्ही नव्हते, आणि ते जाळण्याचा काळ नेमका त्या दिवसांत आला जेव्हा उत्तर भारतातील वारा मंदावतो आणि धूर खालीच साचतो. दिल्लीच्या हिवाळी धुराला केवळ शेतकऱ्याचा बेजबाबदारपणा कारण मानणाऱ्या उत्तराला ही साखळी ठाऊक नसते. पीकबदल करा हा सल्लाही तिच्याशिवाय पोकळ आहे, कारण मका किंवा डाळीला तितकाच भरवशाचा ग्राहक मिळेपर्यंत भात लावणे हा त्या शेतकऱ्याचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय असतो.

आता परीक्षेच्या मर्यादेचा विचार. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पत्रिकेत तीन तासांत वीस प्रश्न सोडवायचे असतात; निम्म्यांना १५० आणि निम्म्यांना २५० शब्दांची मर्यादा असते, म्हणजे सरासरी नऊ मिनिटांत वाचणे, ठरवणे आणि लिहिणे उरकावे लागते. इतक्या जागेत वर मांडलेले सगळे मावणार नाही, हे उघड आहे, आणि म्हणूनच निवड हीच विश्लेषणाची खरी परीक्षा ठरते. प्रश्नातील क्रियापद येथे दिशा देते. ‘स्पष्ट करा’ म्हटले असेल तर खुज्या ताटापासून खरेदी केंद्रापर्यंतची कारणपरंपरा मांडणे योग्य. ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हटले असेल तर एखादे प्रचलित विधान घेऊन ते कोणत्या पिकापुरते, प्रदेशापुरते आणि काळापुरते खरे आहे ते तपासावे लागते. ‘मूल्यमापन करा’ म्हटले असेल तर निकष आधी सांगावा लागतो, कारण धान्याच्या टनांत यशस्वी ठरलेले धोरण पोषणात वा पाण्यात अपयशी असू शकते. व्याख्येत चाळीस शब्द घालवणे ही चैन आहे. समतोलाच्या नावाखाली निष्कर्ष टाळणे हीही तशीच सवय. दोन्ही बाजू मांडून मधोमध उभे राहणाऱ्या उत्तराने प्रश्न सोडवलेला नसतो, फक्त त्याला वळसा घातलेला असतो.

या रीतीची कसोटी कापसावर चांगली लागते, कारण तिथे वाद अजून निवळलेला नाही. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि देशाचे रुईचे दर हेक्टरी उत्पादन २००१-०२ मधील सुमारे ३०० किलोंवरून २००७-०८ पर्यंत साडेपाचशे किलोंच्या घरात गेले, मात्र त्यानंतर ते वाढत राहिले नाही. समर्थक पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरी वस्तुस्थिती सांगतात, आणि दोघेही बीटी हेच एकमेव कारण धरतात. परंतु त्याच वर्षांत गुजरातेत सिंचन वाढले, नवी कीटकनाशके आली आणि खताचा वापरही वाढला. शिवाय भारतात हे जनुक जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतूनच विकले गेले, तर चीनमध्ये ते सरळ वाणांतही उपलब्ध झाले. संकरित बी महाग, म्हणून ते विरळ लावले जाते. ही झाडे दीर्घकाळ शेतात उभी राहतात, आणि लांबलेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीला आसरा व प्रतिकारशक्ती मिळवण्याची संधी, दोन्ही मिळते. यवतमाळच्या हलक्या, कोरडवाहू जमिनीत पाऊस ओसरल्यावर बोंडे भरण्याच्या वेळी ओल संपते, तेव्हा जनुक अळीपासून वाचवू शकते, तहानेपासून नाही. म्हणून ‘बीटी यशस्वी की अयशस्वी’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना आधी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: जनुकाचा परिणाम, संकरित स्वरूपाचा परिणाम आणि पाण्याचा परिणाम. पहिल्याबद्दल उत्तर बरेचसे होकारार्थी येते, तिसऱ्याबद्दल विदर्भापुरते नकारार्थी, आणि दुसरा प्रश्न, म्हणजे सार्वजनिक संशोधनाने कमी दिवसांचे, दाट लावता येणारे सरळ वाण वेळेत का दिले नाहीत, हा शेतकऱ्याने नव्हे तर धोरण आखणाऱ्यांनी उत्तर द्यायचा आहे.